फ्लेक्सवरचा उजवा हात

राजानंद मगरेच्या फोनवर एक व्हिडिओ यायचा आणि तो आला, की त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं नाही. काळा-पांढरा, खरखरीत व्हिडिओ. बारीक मिशीचा एक परदेशी माणूस गिटार वाजवतोय आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडून तळहाताकडं वळलेली. खाली हिंदीतून लिहिलेलं असायचं, की राहत्या गाडीला आग लागून या माणसाची दोन बोटं कामातून गेली, तरी तो जिप्सी जॅझचा राजा झाला, आणि तुम्ही काय बहाणे सांगत बसलात? त्याच्याखाली फुगवलेला दंड, जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल.

पाठवणारांत तालुक्याचा एक विमा एजंट होता. एक असा माणूस होता ज्याला राजानंदनं आयुष्यात एकदाच, उसाच्या ट्रकचं वजन करताना पाहिलं होतं. त्यानं नंबर कुठून मिळवला कोण जाणे. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे राजानंदचा मेव्हणा. ज्याच्या कडबा कुट्टीच्या मशीननं राजानंदची बोटं नेली, तोच माणूस दर आठवड्याला त्याला जिद्दीचा व्हिडिओ पाठवायचा. आता याला काय म्हणावं?

झालं होतं ते इतकंच. राजानंद सासुरवाडीला तीर्थपुरीला गेला होता. गोठ्यात कुट्टी चालू होती, ज्वारीचा कडबा मशीनच्या तोंडात अडकला आणि बटण बंद न करताच त्यानं तो ओढायला डावा हात घातला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मधल्या पेरापासून गेली. चूक आपलीच होती हे तो कुणालाही सांगायचा. पण लोकांना चूक नको होती, लोकांना जिद्द पाहिजे होती. बाजारात भेटलेला माणूस आधी हाताकडं बघायचा, मग चेहऱ्याकडं, मग जिभेनं च् च् करायचा आणि मग त्याच्या डोळ्यांत एकदम तेज यायचं, की तो मिशीवाला गिटारवाला तुम्हाला माहीत आहे का? राजानंदला वाटायचं, याच्या अंगावर ओकावं.

बोटं जायच्या आधी तो गिटार वाजवायचा हे खरं. तीर्थपुरीच्या तातेरावांची गायन पार्टी होती. जयंतीचा महिना सुरू झाला, की अंबडपासून परतूरपर्यंत त्यांचे भीमगीतांचे कार्यक्रम असायचे. तातेराव स्वतः ढोलकीवर, दैवशाला गायला, एक हार्मोनियम, एक कीबोर्ड आणि कडेला काळा गॉगल लावून राजानंद, गळ्यात लाल इलेक्ट्रिक गिटार. ती गिटार तातेरावांना ऐकायला नको होती. पोस्टरवर बरी दिसते म्हणून पाहिजे होती. दोन वर्षं वाजवल्यावर राजानंदला कळलं, की साउंडवाला त्याचं बटण शून्यावर ठेवूनच कार्यक्रम सुरू करतो. विचारलं तर म्हणाला, "तातेराव मामाच म्हणून राह्यले, गिटारीनं गाण्याचा ठेका मोडते." म्हणजे पाची बोटं होती तेव्हा कुणी ऐकलं नाही आणि आता दोन गेली तर सगळे बघायला तयार. ऐकायला तेव्हाही कुणी नव्हतं, आत्ताही नव्हतं. याच गोष्टीची त्याला किळस होती आणि ती कुणाला समजावून सांगता येत नव्हती.

शहागडला हायवेच्या कडेला एक वजनकाटा आहे. तिथल्या पत्र्याच्या केबिनमध्ये राजानंदची नोकरी. कापसाचा, सोयाबीनचा, उसाचा ट्रक काट्यावर चढायचा, ह्यानं आकडा बघायचा, पावती फाडायची, ट्रक धुरळा उडवत जायचा. एका दुपारी काट्यावर गाडी नव्हती आणि त्या विमा एजंटानं पुन्हा तोच व्हिडिओ पाठवला. राजानंदनं चिडून, नुसतं चिडून, तो पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. म्हटलं, बघू तरी हा बाबा आहे तरी कोण, ज्याच्यापायी माझं जगणं हराम झालंय.

आणि त्याची नजर मिशीवाल्यावर थांबलीच नाही. त्या माणसाच्या मागं, अर्धवट अंधारात, दोन माणसं खुर्चीवर बसून गिटार वाजवत होती. ती सूर काढत नव्हती, नुसता ठेका देत होती. राजानंदनं आवाज मोठा केला. ढोलकी नाही, तबला नाही, ड्रम नाही. सगळा ठेका त्या दोन माणसांच्या उजव्या हातातून येत होता आणि तो इतका ठोस होता, की वाटावं आत कुठंतरी ढोलकीवाला लपवून बसवलाय. त्यातल्या एकाचा चेहरासुद्धा दिसत नव्हता. कुणी त्याचा हात बघत नव्हतं, कुणी त्याच्यासाठी गुलाब टाकत नव्हतं. राजानंदला तो माणूस आवडला. त्या दिवशी त्यानं ठरवलं, की आपल्याला हेच करायचंय, पुढं बसून नाही, मागं बसून.

ठरवणं सोपं होतं. भंगारात जायच्या लायकीची एक साधी लाकडी गिटार त्यानं जालन्याहून आणली, तिला जाड पोलादी तारा चढवल्या. डाव्या हाताला तीन बोटं उरलेली, त्यातला अंगठा एक. व्हिडिओत बघून त्याला कळलं, की ह्या वाजवण्यात सगळ्या तारा दाबायच्याच नसतात. दोन बोटांनी दोन-तीन तारा, वरची जाड तार अंगठा वळवून मागून दाबायची आणि बाकीच्या तारांना नुसतं टेकून मुक्या करायच्या. तुटक्या बोटाचा खुंट त्या टेकण्याच्या कामाला येतो हे त्याला दिसलं आणि त्याचीसुद्धा त्याला शिसारीच आली. म्हणजे तो विमा एजंट बरोबर निघाला म्हणायचा.

पण खरा घोळ डाव्या हातात नव्हताच, उजव्यात होता. ठेका वाटतो साधा. एकला जाड तारा हलक्या वाजवायच्या, दोनला सगळ्या तारांवर सपकन हात टाकायचा आणि डावा हात लगेच सैल करून आवाज तिथल्या तिथं कापायचा. एक, दोन, एक, दोन. शेंबडं पोर म्हणेल, यात काय शिकायचंय. राजानंदनं महिनाभर घासलं आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं, तर स्वतःचंच वाजवणं त्याला ऐकवेना. मनगट लाकडासारखं, तारा चिडलेल्या, ठेका लंगडा.

घरी संध्याकाळी तेच. भावना, त्याची बायको, अंगणवाडीत शिकवायची. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून घरी यायची आणि घरात हे. तिनं काही दिवस सोसलं. मग एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली,

"अहो, खोबरं किसून राह्यलात का?"

"गिटार हाय ती."

"गिटार हाय हे दिसतंय मला. ऐकू खोबरं येतंय."

दुसऱ्या बाईनं म्हटलं असतं, की छान, चालू ठेवा, तुम्ही किती जिद्दी. भावनानं तसलं कधी म्हटलं नाही आणि म्हणून राजानंद तिच्यासमोरच वाजवायचा. तिचं तोंड वाकडं झालं, की तो थांबायचा, पुन्हा सुरू करायचा. पुढं पुढं तिनं आपणहून बोलणंही सोडलं. तो नुसतं विचारायचा, "काय ऐकू आलं?" आणि ती सांगायची, "खोबरं."

गाठ सुटली ती हातपंपावर. काट्यावर डबा खाऊन राजानंद हात धुवायला गेला, रुमाल केबिनमध्येच राहिला होता, म्हणून त्यानं ओला हात झटकला. एकदा झटकला, पुन्हा झटकला आणि तिथंच उभा राहिला. हाताला जोर लागत नव्हता, खांदा हलत नव्हता, मनगट आपोआप सुटून परत येत होतं. तो तसाच ओल्या हातानं केबिनमध्ये आला. तारा छेडायला जुन्या बादलीच्या कडेतून कापलेलं एक जाड पिक त्याच्याकडं होतं. ते धरून त्यानं पाणी झटकल्यासारखा हात तारांवर सोडला. बाहेर उसाचा ट्रक हॉर्न देत होता. तो ड्रायव्हर नंतर चिडून आत आला आणि म्हणाला, "भैया, काटा बंद करके कव्वाली चल रही है क्या?" राजानंदला आयुष्यात मिळालेली ही गिटारीची पहिली दाद. ठेका ऐकू गेला होता, निदान शिवी देण्याइतका तरी.

त्या दिवशी भावना बराच वेळ ऐकत बसली. शेवटी म्हणाली, "आज खोबरं न्हाई."

"मंग काय?"

"काय ते सांगता येत न्हाई. पण पाय हलून राह्यला माझा."

अशी दोन वर्षं गेली. मग जयंतीच्या महिन्याच्या तोंडावर काट्यासमोर एक मोटरसायकल थांबली आणि तिच्यावरून पप्पू उतरला. पप्पू म्हणजे तीर्थपुरीच्या जयंती मंडळाचा कार्यकर्ता आणि कार्यक्रमाचा निवेदक. माइक हातात आला, की हा माणूस साध्या खुर्चीबद्दलसुद्धा चार ओळी शायरी बोलल्याशिवाय तुम्हाला तिच्यावर बसू देत नाही.

"जय भीम, भाऊ," तो म्हणाला. "तुम्ही परत वाजवून राह्यलात असं कानावर आलं. दोन बोटांचा जादूगार आपल्या भागात हाय अन् आपल्यालाच पत्ता न्हाई. ह्या वर्षी स्टेजवर तुम्हीच पाहिजेत. मी असं निवेदन करतो बघा, की पब्लिक रडंल."

"रडायला कशाला पाहिजे?"

"रडल्याबिगर टाळ्या पडत न्हाईत, भाऊ."

राजानंदनं सरळ नाही म्हणून सांगितलं. पण पप्पू गेल्यावर त्याला चैन पडेना. स्टेजवर तातेरावांची पार्टी असणार, दैवशाला गाणार. बायकोसमोर आणि ट्रकवाल्यांसमोर किती दिवस वाजवायचं? त्यानं तातेरावांना फोन लावला.

"मामा, मी येतो. पण एक गाणं ढोलकीबिगर व्हायला पाहिजे. ठेका माझा."

मग तातेराव म्हणाले, "गाणं हाय का शोकसभा?"

"एकच गाणं, मामा."

"राजा, चाळीस वर्षं ही ढोलकी वाजवून राह्यलो मी. भीमगीत ढोलकीबिगर म्हणजे भाकर पिठाबिगर. एक कडवं देतो तुला. एक. ठेका ढिला पडला, की माझा हात ढोलकीवर पडलाच म्हणून समज. अन् मंग पुन्हा माझ्याजवळ गिटारीचं नाव काढायचं न्हाई. बोटं दाखवायला तुला कोणी नेलं तर खुशाल जा."

"अन् न्हाई पडला तर?"

"न्हाई पडला तर पार्टीत खुर्ची तुझी. पडणार हाय म्हणूनच बोलून राह्यलो."

ह्या एका कडव्यावर राजानंदचं सगळं आलं होतं. त्यानं पप्पूला होकार कळवला आणि बजावलं, की हाताचा विषय काढायचा नाही. पप्पू म्हणाला, "बिलकुल न्हाई, भाऊ. एक फोटो लागंल फक्त." दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं केबिनच्या दारात फोटो काढला. "जय भीम म्हणल्यासारखा हात वर करा. उजवा नको, उजव्यावर ऊन पडून राह्यलंय, डावा करा." राजानंदनं डावा हात वर केला. त्याच वेळी त्याला समजायला पाहिजे होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तो भावनाला गाडीवर घेऊन तीर्थपुरीत शिरला आणि बाजाराच्या तोंडालाच त्याचा पाय ब्रेकवर गेला. समोर वीस फुटी फ्लेक्स. मधोमध हार घातलेले तालुक्याचे साहेब, भोवती जिल्ह्यातले, गावातले, गल्लीतले सगळे, नावांखाली नावं. आणि डाव्या कोपऱ्यात राजानंद. चेहरा लहान, हात मोठा. हात इतका मोठा, की तुटक्या बोटांच्या टोकावरचे टाक्यांचे वण मोजता आले असते. खाली सोनेरी अक्षरांत, "दोन बोटांचा जादूगार. उजव्या हाताची दोन बोटे नसतानाही गिटारवर राज्य करणारा आपला वाघ."

भावनानं दोनदा वाचलं. "उजव्या?" ती म्हणाली. "अहो, उजवा हात तर तुमचा धडधाकट हाय."

खरंच, फ्लेक्सवर उजवा हातच तुटका होता. राजानंद तडक फ्लेक्सवाल्या बबलूच्या दुकानात गेला. बबलू संगणकापुढं बसून कुणाच्या तरी वाढदिवसाला ढग लावत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं,

"भाऊ, डाव्या साइडला जे असतेत त्यांचं तोंड उजवीकडं लागते. सगळ्यांनी मधी साहेबांकडं पाह्यलं पाहिजे. तुमचं तोंड बाहेर, रोडकडं होतं. साहेबाला पाठ दाखवली म्हणून उद्या कोणी भांडलं असतं. म्हणून फोटो पलटवला."

"फोटो पलटवलास. अन् उजव्या हाताची बोटं गेली हे कोणी लिहिलं?"

"मीच. फोटोत बघून लिहिलं," बबलू म्हणाला. "बराबर तर हाय."

राजानंदला हसावं का रडावं कळेना. एकट्या तीर्थपुरीत असे सहा फ्लेक्स लागले होते. माणसाची बोटं यांनी एका हातातून काढून दुसऱ्या हातात लावली, ती साहेबांना पाठ दिसू नये म्हणून. तो परत फिरणार होता, गाडीला किकसुद्धा मारली. भावना मागं बसली नाही. खाली उभी राहून म्हणाली, "मंग जायचं तर चला. पण मामा म्हणतेल, राजा भिऊन पळाला." त्यानं किक मारलेली गाडी बंद केली.

संध्याकाळी मैदान भरलं. पुढं सतरंजीवर बायका, मागं खुर्च्यांवर पुरुष, कडेला मोटरसायकलींवर पोरं. आधी सत्कार. सत्काराला किती लोक होते हे विचारू नका. शाली प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढता खांद्यावर ठेवत होते, कारण फोटोवाल्याचा फ्लॅश बिघडला होता आणि प्रत्येक शाल दोनदा घालायची होती. राजानंद वाट्याला आलेली शाल भावनाकडं देऊन स्टेजवर मागच्या खुर्चीत गिटार मांडीवर घेऊन बसून होता. शेजारी तातेराव पालथी मांडी घालून ढोलकी चाचपत होते. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मग पप्पूनं माइक हातात घेतला. साउंडवाल्यानं बासरीचं रडकं संगीत लावलं. पप्पूनं आवाज खाली नेला आणि सुरू झाला. आईच्या कुशीतलं लेकरू, नियतीचा क्रूर पंजा, रक्ताचं थारोळं. कडबा कुट्टीचा त्यानं नावानं उल्लेख केला नाही, "यंत्ररूपी राक्षस" म्हणाला. पुढच्या बायकांनी खरंच पदराला डोळे लावले. राजानंदचा मेव्हणा पहिल्या रांगेत बसून रुमाल शोधत होता.

"आता मी भाऊंना विनंती करतो," पप्पू म्हणाला, "की त्यांनी पुढं यावं आणि आपला तो हात, तो झुंजार उजवा हात, आपल्या सर्वांना दाखवावा."

बासरी चालूच होती. राजानंद उठला. चार पावलं पुढं आला. लाईट त्याच्या तोंडावर आला. एका क्षणात त्याच्या मनात आलं, की डावा दाखवला, की सगळं सुरळीत. लोक रडतील, टाळ्या पडतील, मग तो काहीही वाजवो, कुणी ऐकणार नाही. त्यानं गिटार डाव्या हातात धरली आणि उजवा हात वर केला. पाच बोटं, पाची धड, एका बोटात भावनानं घातलेली अंगठी.

बासरी तेवढी चालू राहिली. मग मोटरसायकलीवरून एक आवाज आला, "आरं, पाचीच्या पाची हायेत की." हशा पिकला. कुणी शिट्टी मारली. पदराला डोळे लावलेल्या बाया पदर खाली घेऊन मोजायला लागल्या. पप्पू दात ओठ खात कुजबुजला, "दुसरा दाखवा ना, भाऊ."

राजानंद माइकजवळ वाकला. "फ्लेक्सवर उजवा लिहिलाय," तो शांतपणे म्हणाला. "हा उजवा."

आणि तो मागं जाऊन खुर्चीवर बसला. मैदानात नुसता गोंधळ. कुणी म्हणालं बोगस आहे, कुणी म्हणालं यानं अपंगाचं सर्टिफिकेट कसं काढलं, तर सर्टिफिकेट त्यानं काढलंच नव्हतं. मेव्हणा बिचारा उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होता, की डावा, डावा. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. दैवशालानं मागं वळून राजानंदला विचारलं, "सुरू करू का, दादा?" ती बाई बावीस वर्षं स्टेजवर होती, असले गोंधळ तिनं लई पचवले होते. राजानंदनं मान हलवली आणि मनगट सोडलं.

पहिल्या दोन ओळी वाया गेल्या. घामानं पिक सरकत होतं, ठेका घाईला आला, आणि तातेरावांचा हात ढोलकीच्या चामड्याच्या पुडीवर येऊन टेकला. राजानंदला तो हात डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होता. त्याला हातपंप आठवला नाही, काही आठवलं नाही. त्याला नुसता राग आला. पप्पूचा, बबलूचा, त्या सोनेरी अक्षरांचा. रागानं मनगट आखडायला पाहिजे होतं, पण हे मनगट आता रागाला जुमानत नव्हतं. ते सुटलं आणि परत आलं. एक, दोन. एक, दोन. दैवशाला बाबासाहेबांना शाळेत दाराबाहेर बसवायचे त्या जागेबद्दल गात होती, तिनं ओळ ताणली आणि ठेक्यावर बरोबर येऊन उतरली. उतरली आणि हसली.

मैदानातला कालवा थांबला नाही. पण त्याला आता एक चाल आली होती.

ओळींमधल्या मोकळ्या जागी पप्पू माइक घेऊन पुढं आला. त्या भागात रीतच आहे, की गाणं रंगायला लागलं, की ते थांबवायचं आणि बक्षीस देणारांची नावं पुकारायची. गायक थांबतो, वाद्यं खाली खाली वाजत राहतात. याचा राजानंदला कायम तिटकारा. आज तर त्याला वाटलं, पप्पूनं मुद्दाम केलं. पण हात चालू ठेवला. पप्पूनं वाचायला सुरुवात केली, "उषाबाई साळवे यांच्याकडून, तालुकाध्यक्ष यांच्याकडून," आणि तिसऱ्या-चौथ्या नावाला त्याच्या नकळत नावं ठेक्यावर पडायला लागली. पोरांनी आपसूक टाळ्यांनी ताल धरला. पप्पूला काही कळलं नाही, तो खुशीत आणखी नावं शोधायला लागला.

कडवं संपलं. तातेरावांना हात टाकायचा हक्क होता. राजानंदनं पाहिलं, त्यांची बोटं पुडीवरून उचलली आणि तशीच हवेत थांबली. मग ती त्यांनी मांडीवर ठेवली. दुसरं कडवं गेलं. तिसऱ्याला तातेरावांनी शेजारची गवसणी ओढली, ढोलकीवर चढवली, नाडी बांधली आणि डोळे मिटून मान हलवत बसून राहिले.

गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या त्या दैवशालाला. राजानंदसाठी कुणी वेगळी टाळी वाजवली नाही. उलट खुर्च्या उचलणारी पोरं म्हणत होती, की मंडळानं फसवलं, दोन बोटांचा म्हणून पाच बोटांचा आणला. पप्पू त्याच्याकडं न बघता निघून गेला. तातेरावांशी एक म्हातारी बोलायला आली, गिरिजाबाई. मोतीबिंदूनं तिला समोरचं दिसायचं नाही, पण गेल्या तीस वर्षांतला तातेरावांचा एक कार्यक्रम तिनं चुकवला नव्हता.

"तातेराव, आज ढोलकी लई गोड वाजविली," ती म्हणाली. "तरणेपणी वाजवायचे तसी."

तातेराव हा मोठ्या मानाचा माणूस. दुसऱ्याच्या वाट्याची शाबासकीसुद्धा त्यांनी आजवर कधी परत केली नव्हती. त्यांनी गवसणीतल्या ढोलकीकडं पाहिलं, राजानंदकडं पाहिलं.

"माझी न्हवती, मावशे. ह्या पोराची होती."

"कोण पोरगा? नवा ढोलकीवाला ठिवला का?"

राजानंद म्हणाला, "हौ, मावशे," आणि गिटार पिशवीत घातली. जाताना तातेरावांनी त्याच्या उजव्या मनगटाला, कुणाच्या लक्षात येणार नाही असं, दोन बोटांनी धरून पाहिलं, वैद्य नाडी बघतो तसं. भावना शाल बगलेत मारून गाडीजवळ उभी होती. शालीची पिशवी तिनं फाडलीसुद्धा नव्हती, म्हणाली, पुढं तुमच्या मेव्हण्याच्या सत्काराला कामाला येईल.

आठवडाभर व्हिडिओ आला नाही. मेव्हणाही गप्प, विमा एजंटही गप्प. बहुतेक लोकांना राजानंदची दोन बोटं आहेत का नाहीत, याची खात्री राहिली नव्हती. मग एका सकाळी काट्यावर कापसाचा ट्रक चढलेला असताना तातेरावांचा फोन आला.

"राजा, पंधरा तारखेला परतूरला कार्यक्रम हाय. दुपारीच ये. दोन गाणी तुझी, ढोलकीबिगर."

राजानंदनं ट्रकवाल्याला हातानं थांबवलं. "फ्लेक्सवर काय लिहिलंय, मामा?"

"तुझं नावच न्हाई टाकलं," तातेराव म्हणाले. "फोटो बी न्हाई. बबलूला म्हणलं, एक माणूस मागं बसून वाजवतो, त्याला पाहायचं कारण न्हाई."

"येतो," राजानंद म्हणाला, आणि त्यानं ट्रकचं वजन बघितलं.